कंदील अजून काढला नाही

डाव्या कानाचं यंत्र नेमकं नाताळाच्या आठवड्यात दगा देतं.
सेल संपतो,
आणि कॅम्पातला तो एकच दुकानदार
गोव्याला गेलेला असतो.

म्हणून रविवारी रेव्हरंड वाघचौरे
वेदीपाशी उभं राहून काय विचारत होते
ते मला ओठांवरून कळलं, अर्धंमुर्धं :
कोण जाईल?
येरवड्याला, कोंढव्याला, ससूनला, कोण?
पुढच्या बाकावरचे हात वर झाले.
मी पदर नीट केला.

छत्तीस वर्षं रविवारच्या शाळेत
पोरांना मी ती गोष्ट सांगितली,
देवळात झोपलेल्या मुलाला रात्री हाक येते
आणि तो उठून धावतो भलत्याच म्हाताऱ्याकडे.
पोरं विचारायची, बाई, तुम्हाला आली का कधी?
गप्प बसा, म्हणायची मी, रंग भरा.

खरं तर वाट पाहिली होती.
तरुणपणी, कान शाबूत असताना,
घोरपडीच्या रेल्वे चाळीत
उशीवरून डोकं उचलून ऐकलंय.
मालगाडी जायची.
मग ह्यांचं दुखणं, सुनेची बाळंतपणं, मग हे यंत्र.
आता देवाला हाक मारायचीच झाली
तर ओरडावं लागेल,
आणि ओरडणं त्याच्या स्वभावात नसावं.

चोवीस तारखेला थंडी अशी
की खोबरेल बाटलीत गोठलेलं.
करंज्या सव्वाशे झाल्या, कलकल अजून परातीत,
गॅलरीत कागदी तारा, आत चाळीसचा बल्ब.
घरचे सगळे रात्रीच्या उपासनेला निघाले.
या जाऊन, म्हटलं. मला काय ऐकू येणार?

दाराला पाठ टेकून मोजे चढवत होते
तेव्हा दार हललं.
आवाज नाही. पाठीत, मणक्यात,
एक थाप. थांबून दुसरी.
तिसरी बसली तेव्हा मी उभी होते.

समोरच्या अर्ध्या इमारतीचा राखणदार, मारोती,
कंधारकडचा. तोंड भराभरा हलत होतं.
मी कानाकडे बोट दाखवलं.
त्यानं बोलणं सोडलं,
छाती धरून खोकून दाखवलं,
मग गुडघ्याजवळ हात नेऊन एवढीशी उंची.
मुक्ता. चार वर्षांची.

ही हाकच की नुसता खोकला
हे पडताळून पाहायला वेळ नव्हता.
ओव्याची पुरचुंडी, वाफेचं भांडं, ह्यांची शाल,
जिन्यावरून परत फिरून करंज्यांचा डबा.
पत्र्याच्या खोलीत गोदावरी पोरीला मांडीवर घेऊन,
शेजारी घमेल्यात निखारे, खोलीभर धूर.
आधी ते घमेलं बाहेर काढलं.
मग रिक्षा.

तर अशी मी ससूनला पोचले,
हात वर न करता.

पोरीला नळी लावली, तिला झोप लागली.
बाकावर आम्ही तिघं आणि डबा.
गोदावरीनं माझ्याकडे तोंड वळवून
सावकाश, एकेक शब्द मोठा करत विचारलं :
बाई, तुमचा कंदील अजून काढला न्हाई?
दिवाळी कवाच झाली.

पाठ असलेलं सगळं उत्तर
ऐन वेळी कुठं गेलं कोण जाणे.
मी म्हटलं, तो एका बाळासाठी लावलाय.
आईबाप परगावचे होते, तुमच्यासारखे.
कुणी जागा दिली नाही,
गोठ्यात, गव्हाणीत निजवावं लागलं.

किती मोठ्यानं बोलले ते मला कळत नाही.
पलीकडच्या खाटांवरची माणसं वळून पाहत होती,
म्हणजे मोठ्यानंच.

गोदावरीनं आणखी काही विचारलं.
पदर आड आला, ओठ नीट दिसले नाहीत.
जगलं का ते, असं असावं.

हो, म्हटलं.
म्हणजे, मधे एक शुक्रवार आला.
पण हो.

तेवढ्यात सिस्टर आली
आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं,
मी पोरांसमोर ठेवायची, अगदी तसं.
मी डब्याचं झाकण काढून
तिच्यापुढे धरलं.